सिनात्राची सोळा गाणी आणि हरभऱ्याची जागल

अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राच्या १९५५ सालच्या ‘इन द वी स्मॉल अवर्स’ या अल्बममधली सोळाही गाणी एकाच संथ लयीत रडत राहतात आणि तिसऱ्या गाण्यालाच डोळा लागतो, असे एकाने म्हटले आहे. लय संथ आहे हे मान्य. पण ती रडतात हे पटत नाही, कारण संगीत संयोजक नेल्सन रिडल यांनी काही गाण्यांना तंतुवाद्यांचा मोठा समूह दिला असला, तरी काहींमागे चार-पाचच वादक ठेवले आहेत, आणि तिथे आवाज अगदी उघडा पडूनही गायक कुठे गहिवर दाखवत नाही. टॉमी डॉर्सी यांच्या वाद्यवृंदात असताना त्यांचे ट्रॉम्बोन हे फुंकून वाजवायचे पितळी वाद्य वाजवणे पाहून सिनात्राने दमसास कमावला होता. जिथे दुसरा गायक श्वास घेईल, तिथे तो पुढची ओळ मागचीला जोडून टाकतो.

हे मला घरी कधी जाणवले नव्हते. गेल्या माघात हरभऱ्याला घाटे धरले होते, म्हणून रानडुकरांसाठी जागलीला गेलो होतो. पंपाची वीज रात्री दीडला आली, पाणी दांडाला लावले आणि मचाणावर बसून मोबाइलवर हा अल्बम हळू आवाजात लावला (डुकरे त्याने पळत नाहीत, हेही सांगून ठेवतो). शीर्षकगीताच्या आरंभी चेलेस्टा या पियानोसारख्या छोट्या वाद्याचे घुंगरासारखे बारीक स्वर येतात, ते पंपाच्या घरघरीतूनही स्पष्ट कानी पडले. पुढे एक लांब ओळ संपली, तेव्हा ध्यानात आले की इतका वेळ श्वास मीच रोखून धरला होता.