घड्याळ कपाटात ठेवलं. रोजचं जगणं आकड्यांनी तोलायचं का?

रानजाई

गेल्या पौषात आई साताऱ्याहून चार दिवसांसाठी आमच्याकडे पुण्याला आली होती. शेवटच्या रात्री ती जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती आणि मी मनगटावरचं घड्याळ बघत त्याच टेबलाभोवती फेऱ्या मारत होते. दहा हजारांना अठराशे पावलं कमी पडत होती. आई म्हणाली, "बस की गं जरा." मी म्हटलं, "दहाच मिनिटं." घरातल्या घरात अठराशे पावलं दहा मिनिटांत होत नाहीत. शेवटी घड्याळ थरथरलं, त्यावर रंगीत फटाके उडाले. वळून पाहिलं तर परातीत दाणे एका बाजूला, सालं दुसऱ्या बाजूला नीट लावून आई झोपायला गेली होती. मामाच्या जमिनीचं तिला काहीतरी बोलायचं होतं, हे मला महिन्याने भावाकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी तिला गाडीत बसवून आले आणि घड्याळ काढून कपाटात ठेवलं.

मग हा दहा हजारांचा आकडा आला कुठून ते शोधलं. टोकियो ऑलिंपिकच्या दुसऱ्या वर्षी, १९६५ मध्ये, जपानमधल्या एका घड्याळ कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा त्या नावातून आला, कुठल्या दवाखान्यातून नाही. २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या आसपास फायदा वाढायचा थांबला. म्हणजे त्या रात्रीची माझी अठराशे पावलं कुणासाठी होती?

मी आजही चालते. मंडईत चालत जाते, लेकाला शाळेत सोडायला चालत जाते. पण दिवस चांगला गेला की वाया गेला, हे ठरवायचा अधिकार मी आकड्याकडून काढून घेतलाय. रात्री स्वतःला विचारते, आज कुणाचं नीट ऐकलं का? हातातलं काम मन लावून केलं का? वजन, झोपेचे तास, महिन्याची शिल्लक या सगळ्यांनी आपल्याला असंच टेबलाभोवती फिरवत ठेवलंय असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

पहाटवारा

ताई, तुमच्या आईचा प्रसंग वाचून गलबललो. तरीही मी तुमच्याशी असहमत आहे, आणि ठाम असहमत आहे.

मी ५८ वर्षांचा. माझे वडील म्हणायचे, "मला काही होत नाही, मी समाधानी माणूस आहे." खरोखर समाधानी होते. साखर किती हे त्यांनी कधी बघितलं नाही. पायाला जखम झाली ती कळलीही नाही, आणि गुडघ्याखाली पाय काढावा लागला. चार वर्षांपूर्वी माझं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची एक तपासणी, ९.४ आलं तेव्हा मलाही काहीच होत नव्हतं. शरीर खोटं बोलत होतं, खरं बोलला तो आकडा. आज तो ६.८ आहे. मी रोज बोट टोचतो, वहीत लिहितो. भात खाल्ला की किती आणि ज्वारीची भाकरी खाल्ली की किती, हे मला आता त्या वहीमुळे माहीत आहे. नातीच्या शाळेच्या गॅदरिंगला दोन पायांवर उभं राहायचं, हे माझं मूल्य. ते त्या वहीवर उभं आहे.

शून्यएक

पहाटवारा काकांना दुजोरा. शिवाय मूळ मुद्द्यातच एक अडचण आहे. दहा हजारांचा आकडा खोटा पाडायला रानजाईंनाही ४,४०० आणि ७,५०० हे आकडेच लागले. म्हणजे दोष मोजण्याचा नाही, चुकीचं मोजण्याचा आहे. "मन लावून काम केलं का" याला उत्तर देताना माणूस स्वतःला फार सहज फसवतो. मी दोन वर्षं 'आपण मुलांना वेळ देतो' असं समजत होतो. एक आठवडा लिहून ठेवलं तर दिवसाला अकरा मिनिटं भरली. तो अकराचा आकडा बघितला नसता तर मी आजही स्वतःवर खूष असतो.

खडूफळा

मी दुसरीला शिकवते. आमच्याकडे मूल मिनिटाला किती शब्द वाचतं ते मोजायची टूम निघाली. हेतू चांगला होता. तीन महिन्यांत वर्गाचा आकडा वाढला, सगळे खूष. मग एका मुलाने एका दमात वाचलं, "आजीने तुळशीला पाणी घातले." मी विचारलं, पाणी कुणी घातलं? त्याने माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघत विचारलं, "बाई, किती झाले?"

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल जे मांडलं त्याचा सार असा, की माप हेच उद्दिष्ट झालं की ते माप म्हणून निकामी होतं. शून्यएक, तुम्ही म्हणता चुकीचं मोजलं. नाही हो. सुरुवातीला ते माप बरोबरच होतं. जो नीट वाचतो तो भराभर वाचतो, हे खरंच आहे. आम्ही त्याचा पाठलाग सुरू केला आणि ते बिघडलं.

शून्यएक

पण बाई, मोजलंच नसतं तर वर्गातल्या निम्म्या मुलांना अक्षरं जोडता येत नाहीत हे कुणाला कळलं असतं? पूर्वी सगळे 'छान प्रगती' शेरा घेऊन वरच्या वर्गात जात होते.

खडूफळा

हे मान्य. मीही वर्षातून दोनदा मोजते. आठवड्याला मोजत नाही, आणि नावापुढे आकडा लिहून भिंतीवर लावत नाही. मोजून झालं की कागद माझ्या पिशवीत.

गोठ्यातून

मी सांगली भागातला. आठ गाई आहेत. शहरातल्या लोकांचं हे बोलणं वाचून एक सांगावंसं वाटलं.

गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून दर निघतो. खाली घसरलं की पॉइंटमागं पैसे कापतात. आमच्या आबांच्या काळात संकलनावरचा माणूस किटलीत बघायचा आणि म्हणायचा, "पाणी दिसतंय." संपला विषय. त्याच्या मनात असंल तो दर. आता चिठ्ठी येते. मागच्या उन्हाळ्यात एका ठिकाणी सारखं ३.२ यायला लागलं. तेच दूध दुसरीकडं नेलं तर ३.६. दोन्ही चिठ्ठ्या घेऊन गेलो, चार जण गोळा झाले, मशीन तपासायला लावलं. आकडा हातात होता म्हणून भांडता आलं. गरिबाकडं दुसरं काय असतं?

आणि आमच्याकडं एक म्हातारी गाय हाय, आटून दोन वर्षं झाली. लिटरात बघितलं तर शून्य, चारा पुऱ्या गाईचा. तिच्या चार कालवडींवर माझा गोठा उभा राहिला. तिला मी ठेवलीय, तिथं हिशोब मांडत नाही. पण डेअरीच्या दारात मला कुणी मूल्यं सांगू नयेत. तिथं मला माझा आकडा पाहिजे.

तुळसमाळ

आळंदी ते पंढरपूर मी सहा वेळा चालले. अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. दिवे घाट चढताना कुणी पावलं मोजत नाही. एका वर्षी आमच्यात एक मुलगी घड्याळ लावून आली होती, ती सारखी थांबून बघायची आणि अभंगात मागे पडायची. सासवडला तिने ते आपण होऊन पिशवीत टाकलं.

पण गोठ्यातून भाऊंचं वाचून आठवलं. रथापुढे २७ दिंड्या चालतात, मागे कितीतरी, प्रत्येकीला नंबर. गर्दीत चुकलेला माणूस तो नंबर सांगतो आणि लोक त्याला त्याच्या माणसांत पोचवतात. तो आकडा कुणाला मोठं-लहान करत नाही. तसा आकडा असावा.

रानजाई

गोठ्यातून दादा, तुमचं दोनदा वाचलं. मी सगळ्या आकड्यांना एका दावणीला बांधलं, ते चुकलं. तुमची चिठ्ठी तुमच्या बाजूने उभी राहते. माझं घड्याळ मला नुसतं पळवत होतं.

शून्यएक, तुमच्या अकरा मिनिटांनी मला विचारात पाडलं. पण मला अजून वाटतं की अकराची चाळीस झाली की लेकरू समोर बसलेलं असतानाही तुमचं लक्ष चाळिसाकडे जाईल. माझं तसंच झालं होतं. एकदा कळलं की मोजणं थांबवून बघा, एवढंच म्हणेन.

पहाटवारा काका, तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमच्या वहीविरुद्ध माझ्याकडे एक शब्द नाही.

पहाटवारा

ताई, एक विचारू? तुमच्या आईंची साखर कधी तपासली आहे का?

रानजाई

नाही काका. ७१ वर्षांची आहे. "मला काही होत नाही" असंच म्हणते. शनिवारी साताऱ्याला जातेय, तपासून घेते. उपाशीपोटी न्यावं लागेल ना?

पहाटवारा

एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही. मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते त्यात. जेवून, गप्पा मारून, सावकाश घेऊन जा.