मदत हवी आहे: ३० गुंठ्यांत मधमाश्यांच्या दोन पेट्या ठेवायच्या आहेत, सुरुवात कशी करावी?

शिवारफेरी

भोर तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी ३० गुंठे जागा आहे. बांधावर जांभूळ, करंज आणि दोन चिंचा. आत आंब्याची कलमं, शेवग्याची एक ओळ, बाकी वेलवर्गीय भाजीपाला. वरच्या अंगाला हिरडा आणि गेळ्याचं रान आहे. मध विकायचा नाही. काकडी, कारली, भोपळा यांची फळधारणा सुधारावी आणि घरापुरता मध मिळावा, एवढाच हेतू. शेतावर रोज कोणीतरी असतं.

१. सातेरी (इथली देशी मधमाशी) घ्यावी की मेलिफेरा (युरोपियन मधमाशी)? एक विक्रेता मेच्या अखेरीस मेलिफेराच्या दोन भरलेल्या पेट्या द्यायला तयार आहे.
२. पेट्या कुठे आणि कशा मांडाव्यात?
३. आमच्याकडे पाऊस जोरदार असतो. जून ते सप्टेंबर माश्या टिकतात का?
४. शेजारी टोमॅटो आहे आणि फवारण्या भरपूर होतात. काय काळजी घ्यावी?

मोहोळकर

मेच्या अखेरीस कुठलीच पेटी घेऊ नका, फुकट मिळाली तरी. तुमच्याकडचा जांभूळ, हिरडा, गेळा तोवर संपत आलेला असतो. पुढचे चार महिने माश्यांना बाहेर फारसं काही मिळत नाही आणि नवख्या माणसाला पहिल्याच दिवसापासून उपाशी वसाहत सांभाळावी लागते. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत घ्या. कारळे आणि रानफुलं असतात, पुढे शेवगा, मग मार्चपासून जांभूळ. चढत्या हंगामात चुका भरून निघतात.

जात सातेरीच घ्या. मेलिफेरा जास्त मध देते हे खरं, पण त्यासाठी पेट्या फुलोऱ्यामागे हलवाव्या लागतात. एका जागी दोन पेट्या ठेवून तो हिशेब जमत नाही, शिवाय माश्यांच्या अंगावर जगणाऱ्या व्हरोआ या परजीवी कोळ्याचा बंदोबस्त कायमचा मागे लागतो. सातेरी इथलीच माशी आहे. व्हरोआशी तिचं जुनं नातं असल्याने ती कोळी अंगावरून काढून टाकते. थोड्या फुलांवर भागवते, मेघ दाटलेले असतानाही चरायला निघते. तिचे दोन दोष मात्र आधीच समजून घ्या: पोळी खाणाऱ्या मेणपतंगाच्या अळ्यांपुढे ती दुबळी पडते, आणि मनाविरुद्ध झालं की पेटी सोडून निघून जाते. सातेरी पाळणं म्हणजे मुख्यतः तिला निघून जायचं कारण न देणं.

पेटी सातेरीच्याच मापाची हवी, आठ किंवा दहा चौकटींची (माश्या पोळं बांधतात त्या लाकडी चौकटी). काही जण मेलिफेराच्या मोठ्या पेटीत सातेरी भरून विकतात, ती घेऊ नका. मेलिफेराच्या पेटीत माशीला फिरायला सोडलेली फट साधारण ९.५ मिमी असते, सातेरीला ८ मिमीच्या आसपास पुरते. फट जास्त असली की त्या मध्येच वेडीवाकडी पोळी बांधतात, चौकट उचलताना ती फाटतात. आणि जी पोळी माश्यांनी झाकलेली नसतात तिथे मेणपतंग अंडी घालतो.

वसाहत विकत घेताना झाकण उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. निदान पाच चौकटी दोन्ही बाजूंनी माश्यांनी भरलेल्या असाव्यात, त्यातल्या तीनांवर पिलावा, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष. स्वतः उन्हाकडे पाठ करून चौकट धरा, म्हणजे उजेड पोळ्यातल्या घरांच्या तळाशी पडतो आणि अंडी दिसतात. घरागणिक एक अंडं, तळाच्या मधोमध उभं असेल तर राणी कामावर आहे. एका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतींना चिकटलेली, तर राणी नाही आणि कामकरी माश्याच अंडी घालत आहेत. ती वसाहत सोडून द्या.

बांधावरची

मांडणीबद्दल. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारनंतर सावली येईल अशी जागा, दार पूर्वेला किंवा आग्नेयेला. लोखंडी स्टँड दीड-दोन फूट उंच, चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. वाटीतलं पाणी आटलं किंवा गवताची एक काडी स्टँडला टेकली की मुंग्या त्याच रात्री चढतात. त्यामुळे भोवतालचं गवत कापत राहणं हेही मधमाशीपालनच आहे. पेटी दाराच्या बाजूला किंचित उतरती ठेवा, आत आलेलं पाणी बाहेर पडतं. दोन पेट्यांत सात-आठ फूट अंतर ठेवा आणि दारासमोरून पायवाट नको.

एकदा मांडलेली पेटी मनाला येईल तशी हलवायची नाही. चरून आलेल्या माश्या जुन्या जागीच घिरट्या घालतात. हलवायचीच तर रोज फूट-दोन फूट, नाहीतर थेट तीन किलोमीटरच्या पलीकडे.

तुमच्या भाज्यांबद्दल एक गोष्ट. काकडी, कारली, लाल भोपळा यांची फुलं सकाळी उघडतात, तिथे फरक नक्की दिसेल. दोडक्याचं फूल संध्याकाळी उघडतं आणि दुधीचं तर अंधार पडताना, तेव्हा माश्या घरी परतलेल्या असतात. त्या दोघांचं परागीभवन हातानेच करा.

मोहोळकर

पावसाळ्याचं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक पेट्या जुलै-ऑगस्टमध्येच रिकाम्या होतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मधकोठी (मध साठवायचा वरचा कप्पा) काढून घ्या. खालच्या पिलावा कोठीतला मध मात्र काढू नका, तो त्यांचा आहे. काळी पडलेली आणि माश्या नसलेली पोळी काढून टाका, उरलेल्या चौकटी एकत्र सारून शेवटी आडफळी (रिकामी जागा वेगळी करणारी फळी) लावा. आठपैकी चारच चौकटी उरल्या तरी चालतील, पण त्या गच्च भरलेल्या हव्यात.

साखरेचा पाक समभाग: अर्धा किलो साखर, अर्धा लिटर पाणी. पाणी उकळून उतरवा, साखर विरघळवा, पूर्ण गार होऊ द्या. एका पेटीला आठवड्याला साधारण पाव लिटर. वाटीत पाक ओतून वर काड्या टाका, नाहीतर माश्या बुडतात. पाक पेटीच्या आतच ठेवायचा, दिवेलागणीला, आणि दोन्ही पेट्यांना एकाच वेळी. दिवसा दिला किंवा बाहेर सांडला की बलवान पेटी दुबळ्या पेटीवर लुटालूट सुरू करते. गूळ देऊ नका, हगवण लागते. बाजारातला मधही नको, त्यातून रोग येतो.

पाकाने पोट भरतं, पण पिलांना परागकण लागतात. ते मिळेनासे झाले की राणी अंडी घालणं थांबवते आणि मग वसाहत निघायची तयारी करते. यावर सोपा उपाय म्हणजे मका. पाऊस सुरू होताच एक वाफा पेरा आणि पुढे दर पंधरा दिवसांनी एकेक, म्हणजे तुरे पाठोपाठ येत राहतात.

दर आठ-दहा दिवसांनी उघडीप बघून तळपाट काढा आणि पुसा. तळपाटावरच्या मेणाच्या चुऱ्यातच मेणपतंगाच्या अळ्या वाढतात. पोळ्यात रेशमी जाळीचे बोगदे आणि खसखशीएवढे काळे कण दिसले तर तेवढा भाग लगेच कापा आणि जाळून टाका. पेटीजवळ फेकला तर पतंग परत आत जातो.

माश्या पेटी सोडणार असतील तर आधी कळतं. पिलावा घटत जातो, अंडी दिसत नाहीत, साठा संपलेला असतो, दारात परागकण घेऊन येणाऱ्या माश्या जवळजवळ नसतात. अशा वेळी त्याच संध्याकाळी पाक द्या आणि शक्य असेल तर दुसऱ्या निरोगी पेटीतली पिलाव्याची एक चौकट माश्या झटकून इथे घाला. पिलं टाकून त्या सहसा जात नाहीत. एकाऐवजी दोन पेट्या ठेवायच्या त्या याचसाठी.

पाणवठा

फवारणीचं. टोमॅटोच्या फुलावर मधमाश्या फारशा जात नाहीत, त्यामुळे खरा धोका फवारा उडून बांधावरच्या फुललेल्या तणावर आणि साचलेल्या पाण्यावर पडण्याचा असतो. शेजाऱ्यांना दोन गोष्टी विनंती करून सांगा: फवारणी सूर्यास्तानंतर करावी, आणि धुरळणीची भुकटी वापरू नये. भुकटीचे कण माशीच्या अंगाला परागकणांसारखे चिकटतात आणि थेट पिलाव्यापर्यंत पोचतात. आदल्या दिवशी निरोप मिळाला तर रात्री दाराला बारीक तारेची जाळी लावा, पेटीवर ओलं गोणपाट टाका, दुसऱ्या संध्याकाळी उघडा. जाळीऐवजी बोळा कोंबून दार बंद केलंत तर माश्या आत गुदमरून मरतात. स्वतःचं उथळ पाणी पेट्यांजवळ कायम ठेवा, त्यात दगड टाकून.

शिवारफेरी

मनापासून आभार. विक्रेत्याला नकार कळवला. आणखी तीन गोष्टी विचारते. थाई सॅकब्रूड या माश्यांच्या रोगाचं नाव ऐकलं, त्यावर औषध आहे का? मध कधी काढायचा? आणि पेटी आणल्यावर पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं?

मोहोळकर

औषध नाही. तो विषाणू आहे, त्यामुळे प्रतिजैविकं देऊन काही होत नाही, उलट ती मधात उतरतात. अळी घरात ताठ पडून मरते आणि चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी अख्खी बाहेर येते. असं दिसलं की त्या पेटीतली चौकट, पाकाची वाटी, हत्यार दुसऱ्या पेटीला लावू नका. राणी दोन-तीन आठवडे पिंजऱ्यात ठेवून नवा पिलावा थांबवतात, दरम्यान माश्या घरं साफ करतात. राणी बदलता आली तर अधिक चांगलं.

मध मधकोठीतला, आणि पोळ्याची तीन-चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्यावरच. उघड्या घरांतला मध पातळ असतो आणि आंबतो. मधात पाणी २० टक्क्यांच्या वर नको. पहिल्या वर्षी मधाची आशा धरू नका, पुढे चांगल्या हंगामात पेटीमागे पाच ते आठ किलो मिळू शकतो.

बांधावरची

पेटी रात्री आणा. स्टँडवर ठेवा, तासभर तशीच राहू द्या, मग अंधारातच दार उघडा. त्या रात्री झाकण उघडू नका. दुसऱ्या संध्याकाळी थोडा पाक द्या आणि तीन-चार दिवसांनी पहिली तपासणी करा. राणी बाहेर पडू नये म्हणून दाराला राणीजाळी लावली असेल तर ती चार-पाच दिवसांत काढा. नर माश्या जाळीतून जाऊ शकत नाहीत, तिथेच अडकून मरतात आणि दार तुंबतं.

तपासताना बुरखा घाला. स्मोकरमध्ये (धूर सोडायच्या भात्यात) कोरडं गोणपाट, दोन-तीन हलके झोत पुरेत. डंख झाला तर काटा लगेच काढा, वेळ गेला की विष आत जात राहतं. नखाने बाजूला खरवडा आणि त्या जागेवर धूर घ्या, कारण डंखाच्या वासाने बाकीच्या चवताळतात. अंगभर गांधी उठल्या किंवा धाप लागली तर थेट दवाखाना.

ऑक्टोबरपर्यंत हातात वेळ आहे, तोवर प्रशिक्षण घ्या. महाबळेश्वरचं मध संचालनालय आणि पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था, दोन्ही तुम्हाला जवळ आहेत. संचालनालयाच्या मधकेंद्र योजनेत प्रशिक्षणासोबत साहित्यावर ५० टक्के अनुदानही आहे. अर्ज पावसाळ्यातच करून ठेवा.