सराफा, गराडू आणि रात्रीचं आंबट पाणी: तुमचे अनुभव लिहा

साठी उलटली त्या डिसेंबरात पुण्याहून भाचा आला, म्हणून रात्री साडेदहाला सराफ्यात गेलो. इंदूरकरांना सांगायला नको, सोन्याचांदीची दुकानं बंद झाल्यावरच तिथल्या कढया तापतात. गराडू (तळलेला मसालेदार कंद) झाले, भुट्ट्याचा कीस झाला, वर रबडी. घरी येऊन आडवा झालो आणि अडीचला खोकत उठलो. तोंडात आंबट पाणी, घसा सोलल्यासारखा. पंचविशीत हेच सगळं खाऊन घोरत पडायचो.

डॉक्टर म्हणाले, वयाबरोबर पोटातलं आम्ल वाढतंच असं नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू सैल पडतो, आणि लाळ कमी झाल्यामुळे वर आलेलं आम्ल लवकर धुऊन जात नाही. माझ्या ढेरीचा हातभार वेगळाच. गोळ्या दिल्या, पण टिकाऊ फरक दोन गोष्टींनी पडला: रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास, आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा. आधी मी उशीवर उशी रचत होतो. त्याने माणूस कमरेतून दुमडतो, पोट दाबलं जातं आणि त्रास वाढतो. विटा लावल्यावर "अहो, मी पायथ्याशी घसरून चाललेय" हे आठवडाभर ऐकून घेतलं. आता तीही त्यावरच झोपते.

पथ्यांची यादी सगळ्यांना पाठ आहे, ती नको. तुम्ही प्रत्यक्षात काय केलं आणि काय जमलं नाही, ते लिहा.

रामबाग, वय ७१

माझं दुखणं खाण्याचं नव्हतंच. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू झाली. सोमवारी पहाटे उठायचं, घोटभर पाण्याबरोबर ती घ्यायची आणि पुन्हा पांघरुणात शिरायचं. महिन्याभरात गिळताना छातीच्या मधोमध टोचायला लागलं. तिखट सोडलं, चहा सोडला, मुगाची खिचडी खाऊन खाऊन कंटाळले. शेवटी मुलीने फोनवर विचारलं, "आई, ती गोळी घेतेस कशी?" सांगितल्यावर ओरडलीच. ती गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, असं चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. चष्मा लावून वाचतंय कोण! डॉक्टरांनी ती काही दिवस थांबवली. त्यांच्यासमोर पिशवी उपडी केली तर गुडघ्यांसाठी मी परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्याही निघाल्या. जठराला त्याही चांगल्या नाहीत. मग बोलणी खाल्ली.

तेव्हा तपासायला जाताना पिशवी घेऊनच जा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही तो झडपेचा स्नायू ढिला पडतो, पण म्हणून त्या मनाने बंद करू नका.

सुदामानगर, वय ५८

भिया, पोह्यांना कुणी नावं ठेवायची नाहीत. वाफवलेल्या पोह्यांनी मला कधी काही झालं नाही. वरची मूठभर तिखट शेव, कांदा आणि मागून येणारी जिलबी, हे खरे गुन्हेगार. शेव चिमूटभर केली, जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) ठेवलं. जिलबी रविवारी. पुदिन्याच्या गोळ्या मात्र पाचक म्हणून चघळत होतो, त्यांनीच जळजळ वाढायची.

लोकमान्यनगर, वय ६६

मी सकाळची पित्ताची गोळी सात वर्षं घेतली. डॉक्टरांनी दिली होती दोन महिन्यांसाठी, पुढची पावणेसात वर्षं माझ्या मर्जीची. मग तळपायांना मुंग्या यायला लागल्या, जिना उतरताना पाय नीट कळेनात. तपासणीत बी-१२ फार कमी निघालं. आम्ल फार दाबलं की अन्नातलं बी-१२ नीट सुटत नाही. त्यात मी साखरेसाठी मेटफॉर्मिनही घेतो आणि शाकाहारी आहे, म्हणजे तिन्ही बाजूंनी नाकेबंदी. इंजेक्शनं घेतली. गोळी एकदम सोडून पाहिली, तर चार दिवसांत आगीचा डोंब. अचानक थांबवलं की आम्ल उसळून येतं म्हणे. डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी केली. ज्यांना पोटात जखमा आहेत किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू आहे, त्यांना ती बऱ्याचदा लागते. माझं बघून बंद करू नका.

स्नेहनगर, सून बोलतेय

सासरे ७४ वर्षांचे. रविवारी दाल-बाफले झाले, बाफले म्हणजे कणकेचे गोळे, तुपात बुडवलेले, आणि दुपारी छातीत जळायला लागलं. "पित्त आहे गं" म्हणत त्यांनी सोड्याची पुडी पाण्यात घालून घेतली. ढेकर आली, बरं वाटलं. तासाभराने दरदरून घाम आणि डावा जबडा दुखू लागला. हृदयविकाराचा झटका होता. एक रक्तवाहिनी बंद, स्टेंट बसला, आता ठीक आहेत. साठीनंतर जळजळीबरोबर घाम, धाप किंवा हात-जबड्याची कळ असेल तर पुडी शोधत बसू नका, आधी ईसीजी. तसंच घास अडकणं, वजन उतरणं, डांबरासारखी काळी शौच, यातलं काही असेल तर घरगुती उपाय नकोतच.

नारायणबाग, वय ८३

आमच्या जैन शेजारीणबाई चौविहार पाळतात, सूर्यास्तानंतर काही नाही. त्यांचं बघून मी सात वर्षांपूर्वी साडेसहाला जेवायला लागले. नातवंडं हसतात. दुपारी आमच्याकडे वामकुक्षी पूर्वीपासूनच, म्हणजे डाव्या कुशीवर. उजव्या कुशीवर झाले की आंबट घशाशी येतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, पुन्हा जळतं. ते सोडलं.

धागाकर्ता

आजी, साडेसहा मला जमायचं नाही, आठपर्यंत ओढतोय. भाचा पुन्हा येतोय. या खेपेला गराडू सहा वाजता छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत, चौघांत एक प्लेट. सराफ्यात तो एकटा जाईल.