यादी बघूनच धडधडतं! कामं डोक्यातून बाहेर काढायला काय वापरता? (रोज १० मिनिटं, नवीन खरेदी नको)

पानपुसणी: लोकहो, मदत पाहिजे. ऑफिस, घर, आईच्या तपासण्या, मुलाची शाळा, सगळं एकाच डोक्यात कोंबलंय आणि ते डोकं आता फुल्ल आहे. यादी करत नाही असं नाही. पण "डोळे तपासणे" ही ओळ गेले अकरा आठवडे मी एका पानावरून दुसऱ्या पानावर उतरवतेय, अक्षर तेवढं सुधारलं. रात्री दिवा बंद केला की एकेक काम आठवायला लागतं, मग उठून परत मोबाईल. दोनच अटी आहेत. रोज १० मिनिटांच्या वर वेळ नाही, आणि नवीन काही विकत घ्यायचं नाही, घरात कोऱ्या डायऱ्यांची चळत पडलीये. तुम्ही काय करता?

खोडरबर: जाड कागदाची, तारखा न छापलेली डायरी घे, जरा महाग पडते पण वर्थ आहे. तारखा असल्या की चार पानं कोरी गेली तरी अपराधी वाटतं आणि मग डायरी कपाटात. मी सहा रंगांची पेनं वापरतो, निळं ऑफिस, हिरवं घर, जांभळं "कधीतरी". रविवारी दीड तास बसून आख्खा आठवडा आखतो. नुसतं पान बघून शांत वाटतं. फोटो टाकू का?

निवांत: दीड तास?? तिने १० मिनिटं लिहिलंय.

खोडरबर: रोजचे १३ मिनिटंच पडतात हिशोब केला तर.

गोगलगाय एक्सप्रेस: कागद सोडा हो, अ‍ॅप घ्या. फुकटवालं नको, पैसे भरून घ्या, फोन लॅपटॉप घड्याळ सगळीकडे यादी दिसते. माझी सध्या ४३ कामं थकीत आहेत, लाल अक्षरात, पण निदान कुठली थकलीत ते तरी कळतं. आणि पोमोडोरो करा, २५ मिनिटं काम ५ मिनिटं सुट्टी.

ढगात हरवलेला: अ‍ॅपवाल्यांनो जपून. नवीन फोन घेतला, सिंक झालंय असं समजून जुना रीसेट मारला आणि दोन वर्षांच्या याद्या गेल्या. वाईट याचं वाटलं की महिनाभर काही अडलंच नाही. म्हणजे दोन वर्षं मी काय लिहीत होतो? बाकी घरात लहान मूल असताना २५ मिनिटं सलग मिळणाऱ्याचे पाय धरायला येतो.

गोगलगाय एक्सप्रेस: २५ च पाहिजेत असं कुठाय. ज्याने काढलं त्या फ्रान्चेस्को चिरिलोकडे टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर होता म्हणून ते नाव, इटालियनमध्ये पोमोडोरो म्हणजे टोमॅटो. तुम्ही १० चा लावा.

चष्मा शोधतेय: पानपुसणी, रात्रीचं जे लिहिलंयस त्यावर बोलते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातला एक प्रयोग छापून आला होता, ५७ तरुण मंडळी, निम्म्यांना झोपण्याआधी ५ मिनिटं पुढच्या दिवसांची राहिलेली कामं लिहायला लावली आणि निम्म्यांना झालेली. राहिलेली लिहिणाऱ्यांना साधारण ९ मिनिटं लवकर झोप लागली. प्रयोग छोटा आहे, फार डोक्यावर घेऊ नये, पण त्यात जितकं नेमकं लिहिलं तितकी झोप लवकर असंही दिसलं आणि ते मला पटतं. तुझं "डोळे तपासणे" हे काम नाहीच गं, ती नुसती इच्छा आहे. "मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत नंबर शोधून अपॉइंटमेंटला फोन" हे काम. विम्यासारख्या कामांचंही तसंच. यादीत नुसतं "विमा" लिहिलं की डोळा त्यावरून घसरतो, "विम्याची फाइल काढून टेबलावर ठेवणे" लिहिलं की हात आपोआप कपाटाकडे जातो.

निवांत: +१. अर्धवट कामं जास्त आठवतात हे मानसशास्त्रज्ञ ब्लुमा झायगार्निकने १९२७ लाच लिहून ठेवलंय.

ढगात हरवलेला: पुढच्या प्रयोगांत दर वेळी तसं निघालं नाही म्हणे. मला तर अर्धवट पण आठवत नाही आणि पूर्ण पण.

निवांत: तुमचं वेगळं प्रकरण आहे. पानपुसणी, एक अजून, कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंधाला सरासरी ३४ दिवस धरले होते, लागले ५५. तेव्हा दिवसात आठ कामं लिहिण्यापेक्षा तीनच लिही. आणि धडधड खरोखरची असेल, झोप अशीच उडालेली असेल, तर डॉक्टरांना दाखव. ते डायरीने व्हायचं नाही.

खोडरबर: तीनच कामं लिहायची तर सहा रंग कशाला घेतले मी!

पानपुसणी: सगळ्यांना थँक्यू, आणि सॉरी, कारण यातलं जवळपास काहीच केलं नाही. लिहायचं म्हटलं की दिवा लावा, चष्मा लावा, झोप गेलीच. त्यामुळे आता अंधारातच मोबाईलवर रेकॉर्ड करते, दोन मिनिटं, जे आठवेल ते. सकाळी दात घासताना ऐकते. चष्माताईंचं एवढं घेतलं की वार आणि वेळ पण बोलायची. डोळ्यांची अपॉइंटमेंट मिळाली! अकरा आठवड्यांचं काम, फोन चार मिनिटांत झाला आणि त्यातली तीन होल्डवर. धडधडीचं म्हणाल तर तीही त्याच दिवशी दाखवून येणार आहे.

खोडरबर: रेकॉर्डिंग लिहून काढायला डायरी लागेलच की. फोटो टाकतो थांब.

पानपुसणी: नको हो. त्यापेक्षा परवाच्या रेकॉर्डिंगमध्ये मी एकदम गंभीर आवाजात "निळ्या पिशवीतलं ते परत" एवढंच बोलून झोपलेय. घरात निळ्या पिशव्या चार आहेत, चारही रिकाम्या.