स्टीव्ह जॉब्स हा माणूस नक्की होता तरी कसा?

काजवा:
मंडळी, दोनतीन दिवस डोक्यात एकच भुंगा आहे. ॲपलवाल्या जॉब्सबद्दल जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय. म्हणजे बघा, स्वतः दत्तक गेलेला माणूस, जन्मदात्यांनी सोडलं याची सल त्याला होती असं जवळचे मित्र सांगतात, आणि त्याच माणसाला १९७८ साली मुलगी झाली तर सरळ हात वर केले, माझी नाहीच म्हणे. बाप कोण हे बघायची टेस्ट झाली, मुलगी त्याचीच निघाली, तरी १९८३ मधे एका मासिकाला सांगतो की या हिशोबाने अमेरिकेतले २८ टक्के पुरुष तिचे बाप असू शकतात! आणि त्याच वर्षी ॲपलने जो कंप्युटर बाजारात आणला त्याचं नाव काय तर लिसा. मुलीचंच नाव. बाहेर मात्र सांगायचे की ते कसल्यातरी तांत्रिक नावाचं शॉर्टफॉर्म आहे.
मग यातला खरा कोण? आणि "जीनियस लोक असेच असतात" म्हणून सोडून द्यायचं का हे? मला तरी ते पटत नाही, पण नीट उत्तरही सुचत नाहीये.

खवचट काका:
अनवाणी फिरणारा, झेन बौद्ध पंथाचं ध्यान करणारा खरा आणि बिननंबरप्लेटची मर्सिडीज अपंगांच्या राखीव जागेत लावणारा पण खरा. एकच माणूस आहे हो, दोन कशाला शोधताय.

उनाडपाखरू:
माझं मत पैशाच्या बाबतीत जास्त खराब झालं. १९७५ ला अटारी या गेम कंपनीचा ब्रेकआउट गेम वॉझनियाककडून (पुढे ॲपलमधला त्याचा भागीदार, वॉझ) चार रात्रीत करून घेतला, त्याला सांगितलं ७०० डॉलर मिळाले, निम्मे म्हणून ३५० हातावर ठेवले आणि वर मिळालेला मोठा बोनस गपचूप खिशात. वॉझला हे कळायला कित्येक वर्षं गेली. बरं तेव्हा पोरगेलेसे होते म्हणून सोडून देऊ, पण १९८० ला ॲपल शेअर बाजारात आली तेव्हाचं काय? डॅनियल कॉटकी, कॉलेजपासूनचा दोस्त, बरोबर भारतात हिंडलेला, गॅरेजमधल्या दिवसांपासून कामाला, त्याला एक शेअर नाही. दुसरा एक इंजिनियर म्हणाला तू देशील तेवढे मीपण माझ्यातले देतो, तर हा म्हणतो ठीक आहे, मी शून्य देतो. शेवटी वॉझने स्वतःचे शेअर काढून वाटले. ज्याला फसवलं त्याने वाटले आणि ज्याने फसवलं त्याने मूठ आवळली, आता यात जीनियसचा काय संबंध?

सोनटक्का:
मोठा प्रतिसाद आहे, आधीच सांगते.
मला यात विरोधाभास दिसतच नाही, मला एकच सवय दिसते. जे आपल्याला नको ते नाहीच आहे असं ठरवून टाकायचं. त्याच्या टीममधले लोक याला रिॲलिटी डिस्टॉर्शन फील्ड (वास्तव वाकवणारं वलय) म्हणायचे, त्यांच्यातल्याच बड ट्रिबलने १९८१ मधे गमतीत काढलेला शब्द आहे तो. आता मॅकिंटॉश या ॲपलच्या कंप्युटरच्या वेळचा किस्सा बघा. मशीन चालू व्हायला फार वेळ लागतो म्हणून हा लॅरी केनियन या इंजिनियरच्या मागे लागला. याहून कमी होणार नाही असं ऐकूनच घेईना. उलट हिशोब मांडला, की पन्नास लाख लोक रोज हे मशीन चालू करणार, प्रत्येकाचे दहा सेकंद वाचले तर वर्षाला किती माणसांची आयुष्यं वाचतील बघा. आणि खरंच दहा सेकंदांहून जास्त कमी झाले! तिथे ही सवय कामाला आली कारण समोर कोड होता आणि कोड बदलता येतो.
मुलीच्या बाबतीत तीच सवय. नको आहे ना, मग ती माझी नाही. फक्त इथे समोर कोड नव्हता, एक लहान मूल होतं.
आणि शेवटी तीच स्वतःवर उलटली. ऑक्टोबर २००३ ला स्वादुपिंडात गाठ सापडली, कमी वेगाने वाढणारा प्रकार, ऑपरेशन शक्य होतं, डॉक्टर आणि घरचे विनवत होते, आणि हा नऊ महिने पथ्याचं खाणं आणि ॲक्युपंक्चर करत बसला. ऑपरेशन जुलै २००४ ला. लवकर केलं असतं तर वाचला असता का हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही, मीही सांगणार नाही. पण डोळ्यांवर कातडं ओढायची पद्धत तीच.
म्हणून "चांगला जॉब्स घ्या, वाईट सोडा" हे मला जमत नाही. आणि म्हणून माफी द्या असंही नाही हं. केनियनला निदान नोकरी सोडता येत होती, मुलीला बाप सोडता येत नाही.

धूमकेतू:
सोनटक्का, छान लिहिलंय पण अर्धंच. पिक्सार ही ॲनिमेशनपट काढणारी कंपनी राहिली. १९८६ ला विकत घेतलं, वर्षानुवर्षं तोट्यात, स्वतःचे कोट्यवधी डॉलर ओतत राहिला, आणि तिथे गोष्ट कशी असावी यात लुडबुड केली नाही, आपल्याला त्यातलं कळत नाही हे मान्य करून बाजूला बसला. नको ते वास्तव न बघणारा माणूस असं करेल? आणि २००९ मधे यकृत निकामी होत होतं तेव्हा ॲपलमधल्या टिम कुकने स्वतःच्या यकृताचा तुकडा देऊ केला तर हा त्याच्यावर ओरडलाच, तुला असं कधीच करू देणार नाही म्हणून. ज्याने दोस्ताला शेअर दिला नाही त्याचंच हे.

सोनटक्का:
पिक्सारचा मुद्दा मान्य. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. लोक बदलतात म्हणावं तर २००७ मधे पाम या फोन कंपनीच्या प्रमुखाला आमची माणसं घेऊ नका म्हणून दमात घेणाराही हाच.

उनाडपाखरू:
काजवा, लिसा नावाचं पुढे काय झालं वाचलंस का? त्या मुलीनेच लिहिलंय. हायस्कूलमधे असताना वडिलांना विचारलं, तो कंप्युटर माझ्या नावाचा का? तर नाही म्हणाले, तोडूनच. मग ती २७ वर्षांची असताना सगळे बोनोकडे जेवायला होते, तो गायक. त्याने सहज विचारलं, हिच्या नावावरून होता का तो? तर जरा थांबून म्हणाले, हो.

काजवा:
अरे देवा. म्हणजे मुलीने विचारलं तेव्हा नाही आणि यजमानाने विचारलं तेव्हा हो. सोनटक्का, हे कुठे बसवायचं?

सोनटक्का:
नाही बसत.