पुण्यात घर-जमिनीत गुंतवणूक : नवशिक्यांसाठीची मार्गदर्शके प्रत्यक्षात कितपत उपयोगी पडतात?

प्रश्न (कोथरूड)

नमस्कार. आम्ही दोघेही नोकरी करतो, राहत्या घराचे कर्ज फिटले आहे आणि आता हाताशी असलेली बचत वाघोली किंवा वाकडला भाड्याने देण्यासाठी सदनिका घेण्यात गुंतवावी, की मुळशीकडे एखादा एन. ए. (अकृषिक) प्लॉट घ्यावा, यावर घरात चर्चा सुरू आहे. निर्णयाआधी विषय नीट समजावा म्हणून मी नवशिक्यांसाठी लिहिलेली काही मार्गदर्शके वाचली. त्यांतील बरीच अमेरिकेतील आहेत, काही तेथील विचारांवर बेतून इकडे लिहिलेली आहेत. दरमहा भाडे किमतीच्या किमान एक टक्का असावे, भाड्यातूनच कर्जाचा हप्ता सुटावा, जुने घर दुरुस्त करून वर्षभरात विकावे, असे नियम त्यांत ठामपणे सांगितलेले असतात. परंतु पुण्यातील एकही जाहिरात या नियमांत बसत नाही. मग ही मार्गदर्शके वाचण्यात अर्थ आहे का, आणि नसेल तर सुरुवात कोठून करावी? ज्यांनी प्रत्यक्ष व्यवहार केले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद (पिंपळे सौदागर)

अर्थ आहे, पण मर्यादित. या मार्गदर्शकांतील हिशेबाची पद्धत घ्यावी आणि त्यांतील आकडे सोडून द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरणासाठी ८० लाखांची तयार सदनिका धरू. एक टक्क्याच्या नियमाने तिचे भाडे ८०,००० रुपये यायला हवे. आपल्याकडे अशा घराला २४,००० मिळाले तरी मालक समाधानी असतो. वर्षाचे २ लाख ८८ हजार झाले, म्हणजे किमतीच्या ३.६ टक्के. येथे बहुतेक लोक थांबतात, आणि चांगले मार्गदर्शक नेमके येथून पुढे नेते. भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामे राहील असे धरा, सोसायटीचा मेंटेनन्स महिना ३,५०० धरा, मिळकत कर २०,००० आणि रंगरंगोटी व दलालीसाठी १५,००० बाजूला ठेवा. हाती १ लाख ८७ हजार उरतात. खरेदीचा खर्चही केवळ ८० लाख नसतो. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार, आणि नोंदणी फी कमाल ३०,००० रुपये. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे, तिचा विचार तुम्ही जरूर करावा. एकूण गुंतवणुकीवर निव्वळ उत्पन्न २.२ टक्क्यांच्या आसपास येते.

मिळकत कराबाबत एक गोष्ट बाहेरच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका करात ४० टक्के सवलत देते आणि त्यासाठी पीटी-३ हा अर्ज भरावा लागतो. भाड्याने दिलेल्या घराला ती सवलत नाही. त्यामुळे विकणारा मालक स्वतः तेथे राहत असेल, तर त्याच्या कराच्या पावतीवरून तुमचा हिशेब करू नका.

हप्त्याचेही तसेच आहे. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते आणि मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरले जात नाही. म्हणजे ६४ लाख कर्ज घेतले तरी जवळपास २२ लाख स्वतःचे घालावे लागतात. साडेआठ टक्के दराने २० वर्षांचा हप्ता ५५,५०० च्या आसपास येतो आणि भाडे येते २४,०००. उरलेले ३१ हजार दरमहा पगारातून जाणार असतील, तर या खरेदीकडे भाड्याचे उत्पन्न म्हणून पाहताच येत नाही. पुढे भाव वाढेल या अपेक्षेवर घेतलेली ती जोखीम ठरते. तुम्ही ती जाणीवपूर्वक घेत असाल तर माझी हरकत नाही, पण ती जोखीम आहे हे कागदावर दिसले पाहिजे.

अमेरिकेत तीस वर्षे एकाच व्याजदराचे कर्ज सर्रास मिळते, म्हणून तेथील लेखक हप्ता कायम धरून पुढची गणिते मांडतात. आपली गृहकर्जे बहुतांशी बदलत्या दराची असतात. दर एक टक्क्याने वाढला तर काय होईल, हे गणित आधीच करून ठेवा.

प्रतिसाद (शिवाजीनगर, मालमत्तेच्या कागदपत्रांचे काम)

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. या मार्गदर्शकांत मालकी हक्काचा प्रश्न जवळजवळ सुटलेलाच मानलेला असतो, कारण तेथे खरेदीदार मालकी हक्काचा विमा घेतो आणि पैसे त्रयस्थाकडे ठेवले जातात. आपल्याकडे दुय्यम निबंधक दस्ताची नोंदणी करतो; विकणाराच खरा मालक आहे, अशी हमी त्या नोंदणीतून मिळत नाही. ती खातरजमा खरेदीदारालाच करावी लागते आणि नवशिक्याला खरी मदत हवी असते ती येथेच.

नव्या प्रकल्पाबाबत महारेराच्या (राज्यातील गृहप्रकल्पांवर देखरेख करणारे प्राधिकरण) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशे, पूर्णत्वाची जाहीर केलेली तारीख, त्यात मागितलेली मुदतवाढ आणि जमिनीवरील दावे वाचावेत. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी बांधकाम व्यावसायिकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते. बुकिंगच्या दिवशी 'आजच भरा, उद्या दर वाढेल' असे सांगून अधिक रक्कम मागितली, तर तेथून उठावे. बांधकाम सुरू असलेल्या घरावर सर्वसाधारणपणे ५ टक्के जीएसटीही लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या घराला तो लागत नाही.

मुळशीच्या प्लॉटबाबत मला मनापासून काळजी वाटते. जाहिरातीत 'एन. ए.' लिहिलेले असते आणि सातबाऱ्यावर मात्र शेतजमीन असते, असे प्रकार वारंवार समोर येतात. महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. शिवाय शेतजमिनीच्या फार लहान तुकड्यांचे व्यवहार रोखणारा १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. त्यामुळे दहा-अकरा जणांची नावे एकाच सातबाऱ्यावर चढवून प्रत्येकाला 'तुमचे दोन गुंठे' असे तोंडी दाखवले जाते. कोणते दोन गुंठे तुमचे, याचा सरकारी नकाशा नसतो. या कायद्यात अलीकडे बदल झाले आहेत, त्यामुळे जुन्या पुस्तकातील किंवा व्हिडिओतील नियमावर विसंबू नये. तुम्ही अकृषिक आदेशाची प्रत मागा, रेखांकनाला पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) मंजुरी आहे का ते पाहा, सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २ (ज्याच्या विक्रीवर शासनाची बंधने असतात) हे तपासा, सगळे फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) मागे जाऊन वाचा आणि प्लॉटपर्यंतचा रस्ता कोणाच्या मालकीच्या जमिनीतून जातो हे विचारा. रस्त्याचा प्रश्न विचारल्यावर विक्रेत्याचे उत्तर लांबू लागले, की सावध व्हावे.

प्रतिसाद (औंध)

थोडे वेगळे सुचवतो. रक्कम मर्यादित असेल आणि भाडेकरू सांभाळण्याची इच्छा नसेल, तर शेअर बाजारात नोंदलेल्या रीटचाही, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या इमारती बाळगणाऱ्या आणि त्यातील वाटा 'युनिट' म्हणून विकणाऱ्या न्यासाचाही, अभ्यास करावा. भारतातील पहिला रीट २०१९ मध्ये नोंदला गेला. हिंजवडी, येरवडा आणि खराडी येथील काही कार्यालयीन संकुले आज अशा रीटकडे आहेत. वाटपयोग्य रोख रकमेपैकी किमान ९० टक्के रक्कम त्यांना युनिटधारकांना द्यावी लागते. युनिटचा भाव बाजाराबरोबर खाली-वर होतो, हे मात्र मान्य करूनच त्यात उतरावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्लॉटचा विचार आम्ही तूर्त थांबवत आहोत. दोन शंका उरतात. सदनिकेचा खरा बाजारभाव कसा ओळखावा, कारण संकेतस्थळांवर मालकांनी मागितलेले भाव दिसतात. आणि मार्गदर्शक निवडायचेच झाले तर ते कामाचे आहे हे कशावरून ठरवावे?

प्रतिसाद (शिवाजीनगर)

भावासाठी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्च वापरा. त्या सोसायटीत अलीकडे झालेल्या विक्रीची सूची क्रमांक २, म्हणजे ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात ती, तेथे पाहता येते आणि दस्तात प्रत्यक्ष लिहिलेली किंमत कळते. तिच्याशेजारी त्या भागाचा वार्षिक मूल्यदर तक्ता (रेडी रेकनर, म्हणजे शासनाने ठरवलेले दर) ठेवा. वाघोली किंवा उंड्रीसारख्या भागात सोसायटीच्या सचिवांना भेटून टँकरवर उन्हाळ्यात किती खर्च होतो हेही विचारा, कारण तो मेंटेनन्समध्ये येतो आणि भाडेकरू त्यावरून घर सोडतात. पुनर्विक्रीची सदनिका असेल तर जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचे हस्तांतरण) सोसायटीच्या नावे झाले आहे का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का आणि घर भाड्याने दिल्यावर सोसायटी मालकाकडून घेते ते बिनभोगवटा शुल्क किती आकारले जाते, हे पाहावे. शासनाच्या आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही.

मार्गदर्शकाबाबत मी दोन गोष्टी पाहतो. पहिली त्याची तारीख. २३ जुलै २०२४ पासून मालमत्तेवरील दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर बदलला. त्यानंतर घेतलेल्या मालमत्तेला महागाई निर्देशांकाचा लाभ न देता साडेबारा टक्के दर लागतो. त्याआधी घेतलेल्या मालमत्तेला भारतात राहणाऱ्या (निवासी) व्यक्तींसाठी जुन्या पद्धतीने २० टक्क्यांचा पर्याय ठेवला आहे. हा बदल ज्यात नाही, त्यातील विक्रीचे सर्व हिशेब कालबाह्य समजावेत. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक प्रकरण वाचल्यावर कोणत्या कार्यालयात जायचे, कोणता कागद मागायचा आणि त्यावरील कोणती ओळ वाचायची, हे त्यातून कळते का. कळत नसेल तर ते प्रोत्साहनासाठी लिहिलेले आहे, व्यवहारासाठी नाही.

आणि शोध अहवाल (मालकीच्या जुन्या दस्तांची तपासणी) करून घ्याल तो तुमच्या स्वतःच्या वकिलाकडून, मागील तीस वर्षांचा, टोकन देण्यापूर्वी. बँकेचा वकील बँकेचे कर्ज सुरक्षित आहे का ते पाहतो आणि विकासकाने दिलेला दाखला विकासकाच्या वकिलाचा असतो.