बर्फाचा अप्रकट उष्मा कमी का येतो?

प्रश्न: थर्माकोलच्या पेल्यात ३०° सेल्सिअसचं १०० ग्रॅम पाणी, त्यात २० ग्रॅम बर्फ. शेवटचं तापमान १३°. अप्रकट उष्मा (०° चा एक ग्रॅम बर्फ वितळायला लागणारी उष्णता) ३०१ ज्यूल प्रति ग्रॅम येतोय, हवा ३३४. कुठे चुकतंय?

उत्तर: बहुधा बर्फ ओला होता. पाण्याने ७१०६ ज्यूल गमावले, वितळलेलं पाणी १३° पर्यंत तापायला १०८७ लागले. उरले ६०१९, म्हणजे १८ ग्रॅमच बर्फ वितळला. २ ग्रॅम आधीच पाणी होतं! तुकडे टिपकागदाने टिपून लगेच टाका. वजन पेल्याच्या वाढलेल्या वजनावरून काढा.

उत्तर: शिवाय गार पाणी खोलीतली उष्णता घेतं. खोली २५° असेल तर पाणी ३५° ला सुरू करा. शेवट १६° च्या आसपास येतो, घेतलेली-दिलेली उष्णता जवळपास फिटते.

उत्तर: फ्रीजरमधला −१८° चा बर्फ मात्र थेट टाकू नका, ग्रॅममागे ३८ ज्यूल जास्त येतील.